तिठ्यावर पहिला येईल तो

सुरा आत गेला, पण जिथे जायला हवा होता तिथे गेला नाही. लुओ देशानच्या मनगटाला ते लगेच कळलं. मानेच्या खळग्यातून शिरलेलं पातं छातीतल्या मोठ्या नसेला लागलं की हाताला एक ढिलेपणा जाणवतो आणि मागोमाग रक्त उसळतं. आज रक्त आलं ते बारीक धारेने, आणि डुकराचं ओरडणं थांबलं नाही.

"धरा," तो म्हणाला. "मागचे पाय सोडू नका."

नव्या घराचं आढं चढवायचं म्हणून मालकाने डुक्कर कापायला काढलं होतं. मागचे पाय मालकाच्या जावयाकडे होते आणि जावई कुणाशी तरी हसत बोलत होता. डुकराने एक हिसका दिला, खालचा बाक आडवा झाला आणि डुक्कर उठलं.

बायका परातींसकट पळाल्या. माणसं भिंतीवर चढली. गळ्यातून रक्त सांडत डुक्कर अंगणात फिरलं, दाराकडे गेलं, दार लावलेलं होतं म्हणून वळलं. अंगणाच्या कोपऱ्यात, उकळत्या पाण्याच्या काहिलीपासून लांब म्हणून, लुओच्या बायकोने नातीला बसवलं होतं. लियेन पाच वर्षांची होती. तिच्या हातात भाजलेलं रताळं होतं. दोन माणसांच्या वजनाचं ते जनावर छातीने तिच्यावर आदळलं आणि तिचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज लुओने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकला.

त्याने डुकराच्या अंगावर उडी घेतली. गुडघ्याखाली दाबून सुरा खुपसला, काढला, पुन्हा खुपसला. जनावर केव्हाच निपचित पडलं होतं. तरी त्याचा हात चालूच होता. शेवटी बायको त्याच्या कानाशी ओरडली, "अरे म्हाताऱ्या, पोरीला उचल."

तालुक्याच्या दवाखान्यात खांद्याचं हाड बांधलं, डोक्याला टाके घातले. डॉक्टरीणबाई तरुण होती. ती म्हणाली, मेंदूला मार बसलाय, झटके येऊ शकतात. काही मुलांचे थांबतात, काहींचे थांबत नाहीत. झटका लांबला आणि श्वास अडकला तर जिवाला धोका आहे. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही.

लियेनचा बाप गुओपिंग दक्षिणेला बुटांच्या कारखान्यात होता. त्याची बायको त्याला सोडून गेली होती. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसे. तो तेरा वर्षांचा असताना बापाने मारलेल्या थपडेने पडदा फाटला होता. त्यामुळे फोन तो उजव्या कानाला लावायचा.

"तू तिच्यावर हात उचललास?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"नाही. डुक्कर सुटलं."

"कुणाच्या हातून सुटलं?"

लुओने फोन एका कानावरून दुसऱ्यावर नेला.

"तुझ्याकडे पोरगी ठेवायची म्हणजे मला रात्री झोप लागत नाही, माहितेय?" गुओपिंग म्हणाला. "पण दुसरं कोण आहे मला? सांग ना, कोण आहे?"

झटके आले. ते डाव्या अंगठ्यापासून सुरू व्हायचे. अंगठा तळहातात वळायचा, मग मनगट, कोपर, मग तोंडाची डावी बाजू. डोळे एका बाजूला ओढले जायचे आणि ओठ निळे पडायचे. युनझी, लुओची बायको, तिला कुशीवर वळवायची आणि तोंडात काही घालायची नाही, कारण डॉक्टरीणबाईने तसं बजावलं होतं. शेजारणी चमचा घेऊन धावत यायच्या, त्यांना ती हाकलून लावायची.

गावात बोलणं सुरू झालं. सुरा खाऊन उठलेलं डुक्कर खाटकाच्या घरातलं कुणीतरी घेऊन जातं. लुओला कुणी बोलावेनासं झालं. तो सुऱ्यांना धार लावून ते तसेच गुंडाळून ठेवायचा.

युनझी आंधळ्या मोकडे जाऊन आली. मो पलीकडच्या खोऱ्यात राहायचा आणि मुलांच्या जन्मवेळा बघायचा.

"पोरीच्या वाटेवर सेनापतीचा बाण आहे म्हणतो, लहान पोरांचा जीव घेणारा कुयोग," ती लुओला म्हणाली. "तिठ्यावर वाटदगड उभा करायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट दाखवली की बाण दगडाला लागतो. आणि दगड उभा केल्यावर पहिला येईल तो पोरीचा मानलेला बाप. तो नाकारायचा नाही. नाकारला तर बाण परत फिरतो."

"दगडाने झटके थांबत असते तर डॉक्टर लोक कशाला शिकले असते?"

"गोळी देतेय ना मी? गोळी बंद करा असं मो कुठे म्हणाला?"

"ह्या आंधळ्याला वाट दिसत नाही आणि म्हणे लोकांना वाट दाखवा."

"तुला डोळे होते," युनझी म्हणाली. "तुझा सुरा कुठे गेला?"

तो उठून बाहेर गेला.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. डोंगरातल्या झऱ्याचा पाट वरच्या खाचरांतून खाली यायचा आणि घराघराच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. लुओची रोपं लावून झाली होती, पण खाचरात पाणी बोटभरच उरलं होतं आणि पात्यांची टोकं पिवळी पडत होती. एका दुपारी तो तण काढत होता. लियेन बांधावर बसून बेडकाला काडी टोचत होती. काडी पडल्याचं त्याने पाहिलं. अंगठा वळलेला पाहिला.

तो चिखलातून धावत गेला आणि त्याने तिला मांडीवर कुशीला घेतलं. तिचे पाय त्याच्या पोटावर आपटत होते. आयुष्यभर त्याने अशीच अंगं दाबून धरली होती. पाय झाडणं आधी जोरात असतं, मग विसकळीत होतं, मग मधे मधे थांबतं, आणि मग संपतं. संपल्यावर काय उरतं ते त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तिचे पाय थांबले. छाती हलत नव्हती. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले. तो वाट बघत राहिला.

मग तिच्या नाकातून फेसाचा एक बुडबुडा आला आणि फुटला, आणि छाती वर उचलली गेली.

लुओच्या लक्षात आलं की आपलं तोंड हलतंय. "दे, दे," असं तो म्हणत होता. किती वेळ म्हणत होता आणि कुणाला, ते त्याला सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी तो पाथरवटाकडे गेला.

दगड गुडघ्याएवढा होता. डावीकडे वरची वाडी, उजवीकडे बाजार, सरळ झऱ्याकडे, अशी अक्षरं कोरली होती, आणि धनुष्याची दोरी तुटो म्हणून एक ओळ. युनझीने पुढची व्यवस्था केली. शाळेतल्या श्यांग मास्तरांशी बोलून ठेवलं की उजाडताना त्यांनी खालच्या वाटेने तिठ्यावर यायचं.

"पहिला येणारा म्हणजे नशिबाने येणारा असतो ना?" लुओ म्हणाला.

"मग नशिबाला जरा वाट दाखवली तर काय बिघडलं? मास्तर पांढरा सदरा घालणार आहेत. तू भांडण काढू नकोस म्हणजे झालं."

दगड उभा करायच्या आदल्या संध्याकाळी लुओ खाचरावर गेला. पिवळेपणा अर्ध्या पात्यापर्यंत आला होता. पाळी पांग वेनहायची होती. पांगचं खाचर वरच्या अंगाला होतं आणि त्यात पाणी चकाकत होतं. आसपास कुणी नव्हतं. लुओने कुदळीचे काही घाव घालून पांगचा बांध कोपऱ्यात कापला. त्याला बोटभर पाणी हवं होतं. पण मातीला आधीच भेगा पडल्या होत्या. काप रुंदावला, बांधाचा मोठा तुकडा सुटला आणि पाणी लुओच्या खाचरातून उतरून खालच्या वाटेवर सांडू लागलं. त्याने दगडमाती टाकून जमेल तेवढं अडवलं आणि घरी आला. पायांचा चिखल युनझीने पाहिला.

"आज?" ती म्हणाली. "आजच सुचलं तुला हे?"

"रोपं मरतायत."

"आणि पोरगी?"

तो जेवायला बसला.

उजाडायच्या आधी ते तिठ्यावर आले. दगड रोवला, उदबत्त्या लावल्या. भाताची दारू, उकडलेली अंडी आणि पाय बांधलेला कोंबडा पुढे ठेवला. युनझीने लियेनला पाठीवरून उतरवलं.

"पहिला येईल त्याच्यापुढे तीनदा डोकं टेकायचं आणि बाबा म्हणायचं. तोंडाकडे बघत बसायचं नाही."

"कुत्रा आला तर?"

"कुत्रा आला तरी."

"कुत्र्याला बाबा म्हणू?"

"म्हणायचं. आणि तो काही देईपर्यंत उठायचं नाही."

"कुत्रा काय देणार?" लियेन म्हणाली, आणि लुओला हसू आलं. त्याने बांबूचं छोटं धनुष्य दगडापुढे धरलं आणि सुऱ्याने त्याची दोरी कापली.

पावलं वाजली. खालच्या वाटेने नाही, वरच्या.

पांग वेनहाय मांड्यांपर्यंत चिखलाने माखला होता. खांद्यावर कुदळ होती. त्याच्या उजव्या डोळ्याच्या जागी आत ओढलेली कातडी होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी ह्याच पाटावर लुओने कुदळीचा दांडा मारला होता आणि डोळा गेला होता. पंचांनी एक डुक्कर आणि एक माफी ठरवली. लुओने डुक्कर पोचवलं होतं.

"खाटका," पांग म्हणाला. "तुझ्याच घरी निघालो होतो. बरं झालं, वाटेतच भेटलास."

"मागे फिर," लुओ म्हणाला. "दगडापर्यंत येऊ नकोस. थोडा वेळ थांब, मग काय करायचं ते कर."

"रात्रभर माझं खाचर वाहिलं. रोपं मुळांसकट उघडी पडलीत. आणि मी थांबू?"

मग त्याला दगड दिसला, कोंबडा दिसला, उदबत्त्या दिसल्या. तो हसला. त्याचा एकच डोळा हसला.

"म्हणजे मी पहिला? अरे वा. पोरगी मला बाप म्हणणार?" त्याने एक पाऊल पुढे टाकलं. "मग येतोच की."

लुओच्या हातात सुरा होता. युनझी त्याचं मनगट धरायला धावली, पण त्याने स्वतःच सुरा गवतात टाकला आणि डोकं खाली घालून पांगच्या पोटात शिरला. दोघे आडवे झाले. दारूचा बुधला फुटला. पांगने कुदळीचा दांडा त्याच्या बरगड्यांवर हाणला तेव्हा काहीतरी मोडल्याचं लुओला आतून ऐकू आलं. त्याने पांगचा कान दातांत पकडला. पांग ओरडला आणि त्याने लुओच्या तोंडावर कपाळ मारलं. पुढचा दात ओठातून बाहेर आला. म्हातारी माणसं लढतात तेव्हा वेग नसतो, पण कुणी सोडतही नाही. दोघांच्या घशातून डुकरांसारखा आवाज निघत होता. कोंबडा पाय बांधलेले असतानाही लोळत लांब गेला.

पांग आधी उठला. कानातून रक्त मानेवर उतरत होतं. त्याने कुदळ उचलली आणि लुओकडे न येता दगडासमोर उभा राहिला.

"आधी हा," तो म्हणाला, आणि कुदळ डोक्यावर नेली.

लुओ उठायला गेला आणि बरगड्यांनी त्याला खाली बसवलं. युनझी ओरडली. त्या क्षणी लियेन, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, दगड आणि पांग यांच्या मधे आली, गुडघे टेकले आणि शिकवल्याप्रमाणे, तोंडाकडे न बघता, कपाळ जमिनीला लावलं.

पांगने कुदळ बाजूला वळवली. पातं तिच्या हातापासून वीतभरावर मातीत रुतलं.

तिने दुसऱ्यांदा डोकं टेकलं. तिसऱ्यांदा टेकलं. टाके काढलेल्या जागी केस नव्हते. पांग तिथेच बघत होता.

"बाबा," ती म्हणाली.

पांगने कुदळीचा दांडा सोडला.

"उठवा तिला," पांग म्हणाला.

"उठणार नाही ती," युनझी म्हणाली. "काही दिल्याशिवाय उठायचं नाही असं मीच सांगितलंय. अंगावरचं काहीही चालतं."

"ह्या खाटकाच्या नातीला?"

"नाही म्हणायचं तर म्हणा. मी काय तुम्हाला बांधून ठेवलंय? पण आत्ताच म्हणा, पोरीच्या तोंडावर."

पांगने लुओकडे पाहिलं. लुओच्या हनुवटीवरून रक्त टपकत होतं आणि त्याचे दोन्ही हात जमिनीवर होते. पांगने सदऱ्याचं बटण ओढून तोडलं. त्याला रक्त लागलं होतं. सदऱ्याला पुसलं तर ते आणखी लागलं. त्याने बटण तिच्या तळहातावर ठेवलं.

"नाव पण द्यायचं असतं," युनझी म्हणाली.

"शुइ," पांग म्हणाला. "पाणी. पांग शुइ. तुझ्या आज्याला पाणी फार आवडतं. हाक मारताना रोज आठवण राहील त्याला."

युनझीने ओठ आवळले, पण मान हलवली. अंड्यांतली दोन त्याच्या हातात दिली. पांगने ती घेतली, कारण घ्यावी लागतात.

तेवढ्यात खालच्या वाटेने श्यांग मास्तर आले. पांढरा सदरा छातीपर्यंत मातीचा झाला होता आणि एक वहाण हातात होती.

"उशीर झाला का?" ते म्हणाले. "अहो, खालची वाटच वाहून गेलीय. कुणीतरी बांध फोडलाय वर."

मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि वहाण पायात घालायला ते वाकले.

घरी आल्यावर युनझीने लुओच्या छातीला फडकं घट्ट बांधलं. लियेन उंबऱ्यावर बसून अंडं खात होती. बटण तिने बाजूला ठेवलं होतं.

"आजा, पांग बाबाचा डोळा कुठे गेला?"

युनझीचे हात थांबले.

"मी फोडला," लुओ म्हणाला.

"सुऱ्याने?"

"कुदळीच्या दांड्याने."

"मला भिंत लागली तसं लागलं असेल?"

"त्याहून जास्त."

तिने पिवळा बलक बोटाने काढून खाल्ला. ती विचार करत होती.

"आता तो माझा बाबा आहे ना," ती म्हणाली. "परत नको फोडूस."

लुओने कुदळ घेतली.

"कुठे?" युनझीने विचारलं. "मोडलेली बरगडी घेऊन कुठे?"

"बांध घालायला."

पांगचं खाचर तळापर्यंत उघडं पडलं होतं. रोपं एका बाजूला लोळत होती, त्यांची पांढरी मुळं उन्हात दोऱ्यांसारखी वाळत होती. लुओने भेग आधी दगडांनी भरली, मग चिकणमातीचे गोळे करून एकावर एक दाबले. वाकताना श्वास अर्ध्यातच थांबायचा. त्याने लोळलेली रोपं उभी केली, मुळांवर चिखल लोटला. बांध निम्म्यावर आला तेव्हा मागून पाण्यात पाय पडल्याचा आवाज झाला.

पांगने कुदळ आणली नव्हती. कावडीचा बांबू आणला होता. कानाला चिंधी बांधली होती.

"सकाळचं पोरीसमोर झालं," तो म्हणाला. "आता पोरगी नाही."

"नाही," लुओ म्हणाला. त्याने कुदळ हाताला लागणार नाही एवढी लांब टाकली.

पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा मांडीवर, आणि तो गुडघ्यांवर आला. तिसरा मोडक्या बरगडीच्या बाजूला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. हात आपोआप वर जाऊ लागले. आयुष्यभर ते असेच वर गेले होते, त्याला न विचारता, मुलावर, बायकोवर, माणसांवर. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले आणि खाली जे हाताला लागलं ते धरून ठेवलं. बांबू पाठीवर पडत राहिला. ओल्या अंगावर त्याचा आवाज गोणी झोडपल्यासारखा येत होता. लुओला उलटी झाली. तो पडला नाही, कारण हात खाली रुतले होते.

पांगचा दम आधी संपला. तो अर्ध्या बांधावर बसला आणि सिगारेट पेटवायला गेला. काडी दोनदा विझली.

"हात का नाही उचललास?"

"पोरगी म्हणाली परत नको फोडूस."

पांगने धूर सोडला. तो म्हणाला, "एवढीशी दिसते. मला वाटलं दोन-तीन वर्षांची असेल."

"औषधाने वाळलीय." लुओने तोंडातलं रक्त थुंकलं. "सकाळपासून झटका आला नाही तिला. रोज उठल्या उठल्या येतो."

"अजून दुपार पण झाली नाही."

"नाही झाली."

"उद्या येईल. मी काही देव नाही, माझ्या बटणाने काय होतंय."

"येईल," लुओ म्हणाला. "आला तर आला. आज उठल्यावर तिने अंडं खाल्लं. तिला चव लागली."

एवढं बोलून त्याने कमरेतून वाकून कपाळ चिखलाला लावलं. पांग सावरून बसला.

"माझ्या पाया पडतोस का रे?"

"नाही."

"मग कुणाच्या?"

लुओने डोकं वर घेतलं. कपाळावरून मातकट पाणी डोळ्यांत उतरत होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

पांगने त्याच्याकडे पाहिलं, मग फुटक्या बांधाकडे. वरून पाटाचं पाणी येऊन मातीच्या गोळ्यांना हळूहळू चाटत होतं.

"बांध अर्धाच झालाय," तो म्हणाला.

"थांब जरा," लुओ म्हणाला, आणि त्याने कपाळ पुन्हा खाली टेकवलं.